गाऱ्हाण्याची वही

वही फिकट जांभळ्या रंगाची आहे. वर सोनेरी अक्षरांत 'कृतज्ञता' असं छापलंय आणि खाली एक कमळ. बघताक्षणीच माझं डोकं फिरलं. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या हातात कमळाची वही देऊन तिला गुणी व्हायला सांगणाऱ्या माणसांची मला चीड आहे, आणि त्या दिवशी ऑफिसच्या हॉलमध्ये अशी माणसं बरीच होती.

परळच्या ज्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिथे पूर्वी गिरणी होती. तिच्या साचेखात्यात माझे बाबा मागांवर उभे राहायचे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान लवकर गेले, त्यामुळे ते घरीसुद्धा सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलायचे. आता त्याच जागेवर गालिचा आहे आणि तिथे कुणी आवाज चढवायचा नाही. माझा चढतो. मध्यंतरी एका मीटिंगमध्ये जरा जास्तच चढला, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनीही रक्तदाबाची गोळी वाढवून दिली. दोन्हीकडून एकच सल्ला मिळाला, की मॅडम, मन शांत ठेवा. म्हणून ऑफिसचं शिबिर, आणि ही वही.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. रोज तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. त्याने झोप सुधारते, छातीतली धडधड कमी होते, राग निवळतो, असं ती म्हणाली. राग म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी मी लिहिलं: पंखा, चहा, लंच टाइम. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त क्रम बदलून. तिने वही पाहिली आणि न चिडता म्हणाली की नुसतं 'चहा' लिहून काही होत नाही. कुठला चहा, कुणी दिला, वास कसा होता, ते लिहा. मी रागाने लिहिलं, की या मशीनच्या चहाला कसलाच वास नाही. शेवंतीकाकीच्या चहाला रॉकेलचा वास यायचा.

लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. हे नाव मी कित्येक वर्षांत कागदावर काय, तोंडातूनही काढलं नव्हतं.

शेवंतीकाकी म्हणजे काळाचौकीच्या आमच्या चाळीतली शेजारीण. तिची खोली आणि आमची खोली यांत एक भिंत, आणि त्या भिंतीला वर हवेसाठी सोडलेली जाळी. तिची खाणावळ होती. पंधरा-सोळा गिरणी कामगार पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती, तिच्या ड्युट्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी काकीच्या ताब्यात असायचे. आणि ही काकी माझ्या लग्नापासून, म्हणजे गेली सव्वीस वर्षं, माझ्याशी बोलत नव्हती.

ज्या आठवड्यात वही हातात आली, त्याच आठवड्यात चाळीतल्या एकीचा फोन आला. चाळ रिकामी होतेय, खोल्या पाडणार आहेत. शेवंतीकाकी महिनाअखेरीला कायमची गावी चाललीय, पुतण्या न्यायला येणार आहे. मी म्हटलं, जाऊ दे. फोन ठेवला, आणि लगेच कॅलेंडरात महिनाअखेर बघितली म्हणून स्वतःवरच चिडले. ती एकदा मालवणाकडे गेली की आमच्यातलं ते तसंच राहणार होतं, तिच्या वयाकडे बघता कायमचं. मला ते तसं राहायला नको होतं. हे कबूल करायला मात्र मी तयार नव्हते.

मग मी कृतज्ञतेच्या वहीत तक्रारी लिहायला लागले. रोज तीन. सूड म्हणूनच.

काकी वेणी इतकी घट्ट घालायची की कपाळ दुखायचं. तिच्या खोबरेलाला खवट वास यायचा. उन्हाळ्यात ती गॅलरीत सुके बांगडे आणि आमसुलं शेजारी शेजारी वाळत घालायची, आणि माझा शाळेचा गणवेश बरोबर मध्ये. माटुंग्याच्या शाळेत बाकावर माझ्याशेजारी बसायला मुली कुरकुर करायच्या. मी घरी येऊन रडले तर काकीने बांगडे हलवले नाहीत, गणवेश हलवला, तोही बडबडत. तिने मला कधी प्रेमाने 'जेव' म्हटलं नाही. पोरी शाळेतून येतात तेव्हा दमलेल्या असतात, भुकेल्या असतात, हे जणू तिला माहीतच नव्हतं. ती ताट आपटायची आणि विचारायची, "जेवतंस काय मोरीत ओतू?"

त्या ताटात काय असायचं, तेही लिहावं लागलं, कारण त्या मुलीने बजावलं होतं, नेमकं लिहा. कुळथाची पिठी असायची, वरून कच्च्या खोबरेलाची धार. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. श्रावण सोडला तर आठवड्यातून एकदा कुर्ल्यांचं कालवण, आणि त्यातला मोठा डेंगा, खेकड्याचा तो जाड कवचाचा मांसाने भरलेला पुढचा पाय, माझ्या ताटात. काका, म्हणजे तिचे यजमान, शेजारी बसून बारीक पाय चोखत असायचे. एकदा ते म्हणाले की या घरात मोठा डेंगा कधी मलाही मिळू दे. काकीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वास तर असे येत राहिले की मी ऑफिसात नाक पुसायला लागले. पाळी सुटून आलेल्या माणसांच्या अंगाला तेलाचा आणि ओल्या सुताचा वास. त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू, जेवताना ते भातात पडायचे आणि काकी ओरडायची. पाट्यावर खोबऱ्याचं वाटप सरकण्याचा आवाज, त्याच्याही वर गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की काकी पहिला टोप उतरवायची. ते भोंगे एकामागून एक बंद पडले, तशी खाणावळीतली ताटंही कमी होत गेली. शेवटी चार ताटं राहिली, तरी ती भाताचा टोप तेवढाच मोठा चढवायची आणि उरलेला भात सगळ्या माळ्यावर ओरडत वाटायची.

मला आठवतं त्याप्रमाणे आमच्या चाळीत कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. घरच्या मालवणीत मला त्यासाठी शब्दच ऐकू आला नाही. देवाचेही मानत नसत. आवारात देशी बदामाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, तो चाळीचा राखणदार. देवदिवाळीच्या सकाळी त्याच्यापुढे नारळ ठेवून बाबा गाऱ्हाणं घालायचे. पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे प्रार्थनेलाच गाऱ्हाणं म्हणतात. मला हे शाळेत गेल्यावर विचित्र वाटायला लागलं होतं, आता त्याच्याइतकं खरं दुसरं काही वाटत नाही.

आदल्या दिवशी माणसं बाबांच्या कानापाशी येऊन आपापलं दुखणं ओरडून सांगून जायची. बाबा काही लिहून घेत नसत. सकाळी आंघोळ करून, उघड्या अंगाने, हात जोडून, सगळी चाळ मागे उभी करून ते सुरू करायचे. बा देवा म्हाराजा, परबाचो झील तीन वर्सां मॅट्रिकाक बसता, तेका एकदाचो पार कर रे म्हाराजा. मागून सगळे म्हणायचे, व्हय म्हाराजा. तिसऱ्या माळ्याच्या नळाक पाणी येणा नाय, ता येवंदे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. पुढच्या वर्षी परबांचा मुलगा पास झालेला असायचा, तर बाबा त्याबद्दल देवाला एक गोड शब्द बोलत नसत. पोरगो पास झालो पण नोकरी गावणा नाय, अशी नवी तक्रार हजर. देवाशी संबंध चालू आहे याची ती खूण होती.

त्यात एक नियम होता. गाऱ्हाण्याला उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही. उत्तर मिळालं नाही तर ते गाऱ्हाणं लागत नाही, लोंबकळत राहतं. नळावरून झिंज्या उपटलेल्या बायका एकमेकींच्या दुखण्याला व्हय म्हाराजा म्हणायच्या, तोंडं विरुद्ध दिशेला करून का होईना. आणि सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीकाकीचा असायचा. तिची स्वतःची तक्रार मात्र बाबांच्या कानापाशी कधी आली नाही. काका गेले त्या वर्षीसुद्धा नाही.

आणि मग मी. मला शाळेने स्पष्ट उच्चारांची मुलगी ठरवलं होतं. गॅदरिंग असो, बक्षीस समारंभ असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे. कार्यक्रमाच्या शेवटी स्टेजवर जायचं, पाहुण्यांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची. मी तोंड उघडलं की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागायची, आणि मी खाली उतरेपर्यंत सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असायची. चाळीतल्या कार्यक्रमातही तेच. काकी अशा वेळी पुढेच बसलेली असायची, माझं तोंड बघत.

लग्न होऊन माटुंग्याला निघाले त्या दिवशी मी तिच्या दारात गेले. ती खाली बसून आडाळीवर नारळ खवत होती. माझ्या हातात साडीचा खोका होता. जन्मभर मी तिला 'काकी, तू' म्हणत आले होते. त्या दिवशी काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "काकी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल मी तुमची अत्यंत आभारी आहे. तुमचे उपकार मी कधीही विसरणार नाही."

तिचा हात थांबला. नारळाची कवड तिने खाली ठेवली.

"आभार शेवटाक मानतत गो," ती म्हणाली. "मगे सतरंजी गुंडाळतत. गुंडाळलंस माका."

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी खोका न उघडता आईकडे परत आला. त्यानंतर सव्वीस वर्षं तिने माझ्याशी एक शब्द काढला नाही.

मला काय वाटलं, ते सरळ लिहिते. मला ती कृतघ्न वाटली. मी शिकलेली मुलगी, दारात येऊन दोन चांगले शब्द बोलते, आणि या बाईला त्यात अपमान दिसतो. मीही कमी नव्हते. चाळीत जायचे, तिच्या दारावरून आईकडे जायचे, मान वळवायचे नाही. आई गेली तेव्हा आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती. उंबऱ्यावर पेजेचा टोप येऊन राहिला, रोज, दोन्ही वेळा. ठेवणारा हात मला दिसायचा, ती माझ्याकडे बघायची नाही. मी पेज प्यायले, टोप घासून तिच्या दारात ठेवला. बाबांच्या वेळीही तेच. तोंडातून एक शब्द काढला असता तर काय बिघडलं असतं, तिचं किंवा माझं, असं आता वाटतं. तेव्हा फक्त संताप होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

दोन आठवड्यांनी त्या मुलीने वही पुन्हा मागितली. मला वाटलं आता उपदेश होणार. तिने पानं उलटली, जरा वेळ वाचलं आणि एवढंच म्हणाली की या सगळ्या तक्रारी एकाच बाईबद्दल आहेत. मग सगळ्यांना शेवटचं काम सांगितलं. ज्या माणसाचे आपण कधी नीट आभार मानले नाहीत, त्याला पत्र लिहायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं. मला हसू आलं, वाईट हसू. नीट आभार मानूनच तर माझी ही गत झाली होती.

पण एक गोष्ट मला लपवता येत नाही. त्या दोन आठवड्यांत सकाळची धडधड कमी झाली होती. पहाटे जाग आली की दातांवर दात आवळलेले असायचे, ते नसायचे. मी त्याचं श्रेय कमळाला देणार नाही. मी दिवसातून तीनदा कुणालातरी मनापासून आठवत होते, शिव्या देत का होईना, आणि त्या माणसाने मला खायला घातलेलं होतं.

तरी पत्र लिहिलं, आणि शनिवारी ते पर्समध्ये टाकून मी परळहून चालत निघाले. लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी नेहमीसारख्या शिंका आल्या. चाळीच्या आवारात ट्रक उभा होता. बदाम अजून आहे, राखणदाराच्या दगडावर कुणीतरी ताजं फूल ठेवलेलं. दारांवर लाल रंगाने आकडे टाकलेत. आमच्या खोलीला कुलूप नव्हतं, आत काही नव्हतंच. भिंतीतली जाळी मात्र होती, आणि तिच्यातून पलीकडून खोबरं खवल्याचा आवाज येत होता.

काकी फार बारीक झालीय. पाठ वाकलीय, केस कापलेत. सामान बांधून भिंतीला लावलेलं: भांड्यांची दोन पोती, पाटा, एक गुंडाळलेली सतरंजी. स्टोव्हवर टोप. तिने मला दारात पाहिलं आणि पुन्हा खवायला लागली. मी आत गेले नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून पर्समधून पत्र काढलं, घडी उलगडली. "प्रिय शेवंतीकाकी," मी वाचलं.

ती मान खाली घालूनच बोलली. "वाचून दाखवूक इलंस? सतरंजी गुंडाळून झाली माझी. कष्ट नकोत तुका."

सव्वीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेसुद्धा असं. माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक उठली. वाटलं, पत्र तिच्यापुढे टाकावं आणि जिना उतरून जावं. एक पाऊल मागेही घेतलं. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी पत्राची घडी घातली, पर्स खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले. आवाज बाबांसारखा काढायला गेले, तो फाटला. मालवणीही मोडकीतोडकी, माटुंग्यात गंजलेली.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणाले, "ही शेवंतीकाकी हय बसलीहा, हिचा गाऱ्हाणा घेऊन इलंय. हिना माका कधी जेव म्हटल्यान नाय, ताट आपटल्यान रे म्हाराजा."

खवण्याचा आवाज चालूच.

"कुर्लेचो मोठो डेंगो माका दिल्यान नि घोवाक उपाशी ठेवल्यान रे म्हाराजा."

आवाज थांबला. पण उत्तर नाही. खाली ट्रकवाला कुणाला तरी हाका मारत होता. पूर्वी अशा वेळी मागे चाळीस माणसं उभी असत. आता गॅलरीत मी एकटी होते, आणि उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

"माझी आवस गेली तेव्हा दोन वेळची पेज धाडल्यान, पण माझ्याकडे बघल्यान नाय. सव्वीस वर्सां माझ्याशी बोलली नाय. आता गावाक जाता, ता पण माका दुसऱ्याच्या तोंडातसून कळला, रे म्हाराजा." मला पुढे बोलता येईना. मी रडत होते आणि रडताना रागच येत होता, तिचा, माझा, त्या साडीच्या खोक्याचा.

काकीने आडाळी बाजूला सारली. "गाऱ्हाणा अर्धा रवला," ती म्हणाली. "मागणा खंय? बापूस तुझो मागणा सांगल्याशिवाय थांबा नाय. काय होया ता सांग."

मी नाक पुसलं. हात पुन्हा जोडले.

"हिचे आभार मानूची पाळी माझ्यार परत कधी येव नको, रे म्हाराजा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत होती. आवाज फुटला तो मोठा होता, चाळीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"व्हय म्हाराजा."

मग तिने पायाने सतरंजी माझ्याकडे ढकलली. "पसर ती," ती म्हणाली. "नि जेवतंस काय मोरीत ओतू?"

मी आत गेले आणि सतरंजीची सुतळी सोडायला बसले. गाठ काकीने मारलेली होती, लवकर सुटेना.